क्रमशः की श्रीगणेशा?

घराघरांत पोचलेली एखादी जुनी विज्ञानकथा-मालिका पुन्हा पडद्यावर येणार अशी बातमी आली की पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ही मागच्या गोष्टीच्या पुढची गोष्ट, की मागचं सगळं पुसून नव्यानं केलेला श्रीगणेशा? नट कोण, दिग्दर्शक कोण, खर्च किती, हे सगळं त्यानंतर. अनेकांना हा प्रश्न पोरकट वाटतो. मला तो तसा वाटत नाही. ज्या पात्रांच्या संगतीत माणसं लहानाची मोठी झाली, त्यांच्या आयुष्यात जे घडलं ते घडलं असं धरायचं की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. एखादी व्यक्ती, वस्तू, गाव किंवा धर्म बदलूनही तोच राहतो तो कशाच्या बळावर, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न त्याच्या पोटात आहे. तो तपासायला लांब जायची गरज नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला जुन्नर आणि आंबेगाव हे एकमेकांना लागून असलेले दोन तालुके त्यासाठी पुरेसे आहेत. तिथे एक रेडिओ दुर्बीण आहे, जिचं अंतरंग पार बदललं. भिक्षूंसाठी कोरलेला एक विहार आहे, ज्यात आज गणपती आहे. एक गाव पाण्याखाली गेलं, दुसरं डोंगराखाली गेलं, आणि दोघांची नावं अजून चालू आहेत.

आधी मालिकांचाच पुरावा पाहू, कारण तिथे प्रयोग स्वच्छ दिसतो. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही मालिका १९७८ साली आली आणि २००३ साली नव्यानं मांडली गेली. जहाजाचं नाव तेच, शत्रू तेच, पण गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली. मूळचा वैमानिक स्टारबक नव्या मालिकेत स्त्री झाला. इथे कुणाची फसगत नव्हती. ‘डॉक्टर हू’ १९६३ ते १९८९ अशी सव्वीस वर्षं चालली, मधल्या काळात १९९६ चा एकच चित्रपट झाला, आणि २००५ साली मालिका परतली. नट नवा, रंगरूप नवं, तंत्र नवं; तरीही ती जुन्याच गोष्टीची पुढची गोष्ट होती. ‘स्टार ट्रेक’चा २००९ चा चित्रपट या दोघींच्या मधला. भविष्यातून आलेल्या एका सूडकऱ्यामुळे काळाला नवा फाटा फुटतो आणि कर्क, स्पॉक यांची तरुणपणापासूनची वेगळी कथा सुरू होते. पण जुन्या मालिकेतला म्हातारा स्पॉक, लेनर्ड निमॉय, त्या नव्या जगातही हजर असतो. म्हणजे जुनं पुसलं नाही आणि नव्याला बांधलंही नाही. तीन उदाहरणं, तीन वेगळी उत्तरं. मग ठरवायचं कशावरून?

लोक साधारणपणे तीन खुणा पाहतात: नाव तेच आहे का, चेहरे तेच आहेत का, आणि निर्माते काय म्हणतात. तिन्ही खुणा अपुऱ्या पडतात. ‘गॅलॅक्टिका’ हे नाव तसंच राहिलं आणि गोष्ट बदलली. ‘डॉक्टर हू’मध्ये चेहरा दर काही वर्षांनी बदलतो, तो बदल कथेतच सामावलेला आहे, आणि पाहणाऱ्यांच्या मनात डॉक्टर मात्र एकच आहे. राहिला निर्मात्यांचा शब्द. तो महत्त्वाचा आहे, पण निर्णायक नाही. पुढचीच गोष्ट आहे असं म्हणून पडद्यावर मागचं काहीच न मोजणारी मालिका निघू शकते, आणि सगळं नवं आहे असं सांगून जुन्याच्या जिवावर उभी राहणारीही निघू शकते. साम्यावरून, नावावरून किंवा जाहीर केलेल्या हेतूवरून सातत्य ठरत नाही, एवढं इथपर्यंत सिद्ध होतं. मग ते कशावरून ठरतं, याचं मला पटलेलं उत्तर दोन हजार वर्षांहून जुन्या एका संवादात आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांची प्रश्नोत्तरं आहेत. जुन्नरच्या वाचकाला हा ग्रंथ परका वाटायचं कारण नाही. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. त्यांतल्या इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, खोदवून दिल्या, चिट नावाच्या दुसऱ्यानं संघाला भोजनमंडप दिला. मिलिंद ज्या समाजातला, त्याच समाजाची माणसं नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरच्या या गावात भिक्षूंसाठी दगड फोडवून घेत होती. मिलिंदाचा एक प्रश्न असा आहे: जो पुन्हा जन्मतो तो तोच, की दुसरा? नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचं उदाहरण देतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नाही, पण ती वेगळीही म्हणता येत नाही. हा दृष्टान्त सगळ्यांना आठवतो. मला त्याच्या शेजारचा दुसरा दृष्टान्त अधिक मोलाचा वाटतो. एक माणूस दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरतो. राजापुढे उभा केल्यावर म्हणतो, मालकानं जे आंबे लावले ते वेगळे, मी नेले ते वेगळे. मी त्याचं काहीच चोरलेलं नाही. युक्तिवाद तर्काला धरून आहे. कोय जमिनीत गेली, कुजली, झाड उगवलं, फळं धरली. त्या कोयीतला एक कणही या फळात उरला नसेल. तरी राजा त्याला दोषी ठरवतो, कारण ही फळं त्या पेरणीतून आली आहेत.

नागसेनानं इथे प्रश्नाची दिशाच बदलली आहे. तोच की दुसरा, हे तो द्रव्यावरून ठरवत नाही, रूपावरूनही नाही. मागच्याचं देणं पुढच्यावर लागू होतं की नाही, हे तो विचारतो. लागू होत असेल तर मधे कितीही बदल होवोत, धागा अखंड आहे. लागू होत नसेल तर सगळं जसंच्या तसं राहूनही धागा तुटलेला आहे. हीच कसोटी मालिकांना लावली की उत्तरं सरळ येतात. २००५ चा डॉक्टर परततो तेव्हा मधल्या काळात एक महायुद्ध होऊन त्याचा स्वतःचा ग्रह नष्ट झालेला असतो, आणि तो विध्वंस आपल्या हातून झाला हे ओझं तो वाहत असतो. पुढच्याच वर्षीच्या एका भागात जुन्या मालिकेतली त्याची सहप्रवासी सेरा जेन त्याला भेटते. १९७६ साली तो तिला पृथ्वीवर सोडून गेला होता. मी तुझी वाट पाहत राहिले आणि तू आलाच नाहीस, अशी तिची तक्रार आहे. तीस वर्षांपूर्वी, दुसऱ्याच नटानं केलेल्या कृतीचा जाब नव्या नटाला द्यावा लागतो, आणि तो तो टाळत नाही. हे सातत्य. ‘गॅलॅक्टिका’च्या नव्या पात्रांना १९७८ मधल्या कशाचाही जाब द्यायचा नाही, तो नवा श्रीगणेशा. आणि २००९ च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये एकटा म्हातारा स्पॉक जुनं देणं घेऊन उभा आहे, तरुण कर्कच्या डोक्यावर काहीच नाही. आपल्याकडचे कथेकरीही अवतारांचा हिशेब असाच मांडत आले आहेत. कृष्णाच्या पायाला बाण मारणारा जरा व्याध हा मागच्या जन्मीचा वाली, असं ते सांगतात. रामानं झाडाआडून केलेल्या वधाचं देणं कृष्णानं फेडलं. युग वेगळं, नाव वेगळं, रूप वेगळं. पण खातं एक.

आता खोडदला जाऊ. नारायणगावजवळच्या या गावात गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा मध्यभागी एकवटलेल्या आणि सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर पसरलेल्या. भरीव पत्र्याऐवजी तारांची जाळी ताणून तबकडी करायची, म्हणजे वारा आरपार जातो आणि खर्च आवाक्यात राहतो, ही स्वरूप यांची कल्पना. २००२ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांना ही दुर्बीण खुली झाली. नंतर ती सुधारली गेली. तबकड्या त्याच राहिल्या, पण लहरी टिपणारे ग्राहक, त्या वाहून नेणारी यंत्रणा आणि त्या एकत्र जुळवणारे संगणक बदलले. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा पाहता येत असे, आता तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. पांढऱ्या तबकड्या बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. ही तीच दुर्बीण का?

खोडदच्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नाला व्यवहारात दिलेलं उत्तर मला फार शिकवणारं वाटतं. स्पंदक ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजून त्यांतल्या सूक्ष्म फरकांवरून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा माग काढला जातो. २०२३ च्या जूनमध्ये अशा लहरींच्या पुराव्याची घोषणा झाली. तिच्यात युरोपातल्या दुर्बिणींच्या सुमारे पंचवीस वर्षांच्या नोंदींना खोडदच्या नोंदी जोडलेल्या होत्या. इतक्या वर्षांत यंत्रं बदलतात. नव्या यंत्रातून येणारा ठोका जुन्यापेक्षा किंचित मागेपुढे पडतो, कारण तारा आणि मंडलं वेगळी आहेत. मग करायचं काय? जुन्या नोंदी टाकून द्याव्यात तर पंचवीस वर्षं वाया जातात. दोन्ही सरळ एकापुढे एक लावाव्यात तर यंत्रातला फरक ताऱ्याच्या माथी मारला जातो. म्हणून गणितात त्या सांध्यासाठी एक वेगळी संख्या ठेवतात; तिला जंप म्हणतात. इथे जुनं संपलं, इथे नवं लागलं, मधे इतका फरक आहे, हे हिशेबात उघड मांडलं जातं, आणि मगच पंचवीस वर्षांची ती एक सलग नोंद ठरते. नागसेनाच्या कसोटीला यातून एक भर मिळते. मागचं देणं स्वीकारणं एवढंच पुरत नाही. सांधा कुठे आहे तेही लिहून ठेवावं लागतं. सांधा लपवणारं सातत्य खोटं असतं.

स्वरूप यांचं नाव आलं की जयंत नारळीकरांचंही यायलाच हवं. ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेऊन १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवणारे नारळीकर मराठी विज्ञानकथेचे अध्वर्यू. विश्वविज्ञानात त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न हाच होता: विश्वाला आरंभ आहे, की ते चालूच आहे? फ्रेड हॉइल यांच्यासोबत ते आरंभ न मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताच्या बाजूनं उभे राहिले. नारळीकरांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या स्वरूप आणि विजय कपाही यांनी उटीच्या दुर्बिणीवरून रेडिओ उद्गमांचे आकार मोजले, आणि तो पुरावा काळानुसार बदलत जाणाऱ्या विश्वाच्या, म्हणजे नारळीकरांच्या विरोधी बाजूनं गेला. १९९३ साली हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी जुन्या सिद्धांताची सुधारित मांडणी पुढे आणली. ती बहुसंख्य शास्त्रज्ञांना पटली नाही. पण जुन्या सिद्धांतावरचे आक्षेप तिनं आपल्याच अंगावर घेतले आणि त्यांना उत्तरं द्यायचा प्रयत्न केला. चूक की बरोबर, हा प्रश्न वेगळा. ती जुन्याच विचाराची पुढची पायरी होती, हे मात्र मानावं लागतं.

आता कसोटी जिथे खरी अवघड होते तिथे येतो. जुन्नरच्या उत्तरेला लेण्याद्रीच्या डोंगरात तीसच्या आसपास लेणी आहेत. सहावं लेणं चैत्यगृह, कल्याणच्या सुलसदत्तानं दिलेलं. सातवं लेणं हा इथला सर्वांत मोठा विहार: मधे एकही खांब नसलेलं प्रशस्त दालन, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या वीस खोल्या. आज या सातव्या लेण्यात गिरिजात्मज आहे, अष्टविनायकांपैकी एक. पार्वतीनं इथे पुत्रप्राप्तीसाठी तप केलं अशी श्रद्धा आहे, आणि जवळजवळ तीनशे पायऱ्या चढून भाविक वर्षभर येत असतात. भिक्षूंचा विहार ते गणपतीचं मंदिर, हे सातत्य की नवा श्रीगणेशा? एक उत्तर असं दिलं जातं: डोंगर तोच, पावित्र्य तेच, फक्त नाव बदललं. हे उत्तर मला मान्य नाही. जुन्नरच्या लेण्यांतले लेख वाचले की दात्यांनी फक्त दगड दिला नव्हता हे कळतं. आडुथुम नावाच्या शकानं वीस निवर्तनं आणि नऊ निवर्तनं अशी शेतजमीन लावून दिली होती, करंज आणि वड यांची झाडं लावण्यासाठी. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली. हे कायम चालावं म्हणून बांधलेले करार होते, आणि घेणारा होता भिक्षुसंघ. गिरिजात्मजाच्या कथेत तो संघ नाही, तो करार नाही, ते देणं नाही. म्हणून प्रामाणिकपणे बोलायचं तर सातव्या लेण्यात एक गोष्ट संपली आणि दुसरी सुरू झाली. यात गणपतीच्या भक्तीला कमीपणा नाही. नव्यानं सुरू झालेली भक्ती जुनीच असल्याचा दावा केल्यानं खरी होत नाही, आणि नवी आहे हे कबूल केल्यानं खोटीही ठरत नाही. दालनातल्या वीस खोल्या हाच तो सांधा. तो तिथे ढळढळीत समोर आहे, फक्त पाहायचा की नाही ते आपल्यावर आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप निराळ्या दिशेनं येतो, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मागचं देणं पुढच्यावर लागू करणं हाच तर या देशात अन्यायाचा पाया राहिला. मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ म्हणून माणसाला गावकुसाबाहेर ठेवलं गेलं. ज्याच्या वाट्याला भूतकाळ म्हणजे फक्त जुलूम आला, त्यानं तो पुसून नवं सुरू करणं हाच धर्म नव्हे का? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. तो याच अर्थानं संपूर्ण नवा प्रारंभ होता, आणि तरी अडीच हजार वर्षांच्या परंपरेचं पुनरागमनही होता. दोन्ही एकदम कसं? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याचं उत्तर सापडतं. रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं ही परंपरेनं दिलेली कथा ते नाकारतात. शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यातून तो प्रसंग उभा करतात. चार आर्यसत्यांबद्दल, कर्म आणि पुनर्जन्म यांबद्दल, भिक्षूंच्या प्रयोजनाबद्दल आपले प्रश्न काय आहेत, हे ते प्रस्तावनेतच मांडतात. कुठे जुनं सोडलं, कुठे नवं धरलं, का, हे सगळं छापून वाचकाच्या हाती दिलेलं आहे. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांतही सोडायच्या गोष्टी नावानिशी सांगितल्या आहेत. भूतकाळ विसरून केलेला हा प्रारंभ नव्हे. सांध्याची एवढी स्पष्ट नोंद धर्माच्या इतिहासात फार थोड्यांनी ठेवली असेल.

पण आक्षेपाचा गाभा तेवढ्यानं मिटत नाही, आणि माझी कसोटी इथे दुरुस्त करावी लागते. नागसेनाच्या आंब्यांच्या गोष्टीत देणं कुणावर बसतं? ज्यानं फळं खाल्ली त्याच्यावर. जातीच्या कर्मविपाकात ते बसवलं गेलं ज्याच्या वाट्याला फळ कधी आलंच नाही त्याच्यावर. एक न्याय आहे, दुसरा न्यायाचं सोंग. तेव्हा कसोटी अशी वाचायला हवी: जो मागच्याचा लाभ उचलतो, त्यानं मागच्याचं देणंही उचललं पाहिजे. ज्यानं लाभ घेतला नाही त्याला नवा श्रीगणेशा करायचा पूर्ण हक्क आहे. मालिकांच्या बाबतीत हाच नियम निर्मात्यांना लावता येतो. जुनं नाव, जुनं संगीत, जुन्या चाहत्यांचं प्रेम यांच्यावर तिकिटं विकायची असतील, तर जुन्या कथेत जे मेले, जे फसवले गेले, जे वाट पाहत राहिले, त्यांची दखल घेणं भाग आहे. तसं करायचं नसेल तर स्पष्ट सांगून नवं मांडावं.

आंबेगाव तालुक्यात हा नियम कागदावरचा राहत नाही. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, आणि प्रत्येक सातबाऱ्यावर, प्रत्येक दाखल्यावर बुडालेल्या गावाचं नाव छापलेलं असतं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं आहे. ते याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे. डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. या प्रकल्पाच्या पाण्यावर जुन्नर, आंबेगाव, शिरूरपासून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत शेती चालते. नाव टिकलं म्हणजे गाव टिकलं, असं म्हणायचं का? नाव टिकवायला काहीच खर्च येत नाही. लाभ उचलणारा प्रत्येक तालुका जोपर्यंत उठलेल्या माणसांचं देणं स्वतःचं मानत नाही, तोपर्यंत ‘आंबेगाव तालुका’ हे जुन्या मालिकेच्या नावावर चाललेलं नवं प्रकरण आहे.

आंबेगावातलंच माळीण यापेक्षा वेगळं आहे, आणि त्याविषयी जपून बोलायला हवं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचून गावावर आला. दीडशेहून अधिक माणसं गेली. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गावाच्या जागी चिखल दिसला, आणि त्याच्यामुळे बाहेर खबर पोचली. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे इथे नवं माळीण बांधलं गेलं, २ एप्रिल २०१७ रोजी त्याचं लोकार्पण झालं. घरं नवी, जागा नवी, रस्ते नवे, नाव तेच. पण इथे नावाआड काही लपलेलं नाही. जुन्या जागेवर गेलेल्यांचं स्मारक आहे, आणि नव्या गावात राहणारी माणसं त्यांचीच नातलग. सांधा प्रत्येकाला ठाऊक आहे. तो कुणी बुजवलेला नाही. म्हणून नवं माळीण हे माळीणच आहे, असं मी निःशंकपणे म्हणेन. बाकी राहिलं ते सरकारचं देणं. अतिवृष्टी हे दुर्घटनेचं एक कारण सांगितलं गेलं. पडकईसाठी, म्हणजे उतारावर शेतीचे टप्पे पाडण्यासाठी, यंत्रं लावून उतार सपाट केले, हा आरोपही झाला. नव्या गावातही पहिल्याच पावसाळ्यात रस्ते आणि भराव खचले. माळीणची गोष्ट पुढे चालू आहे याचा अर्थ सह्याद्रीच्या उतारावरच्या बाकीच्या वाड्यांबाबत त्या सकाळचा जाब अजून द्यायचा आहे.

कुणी म्हणेल, गावांचं आणि धर्मांचं ठीक. काल्पनिक पात्रांना कसलं आलं देणं? लेखक हवं ते लिहील, आवडलं तर पाहावं. लेखकाला तेवढं स्वातंत्र्य आहेच. पण कथा पाहणारा माणूस काल्पनिक नसतो. त्यानं खऱ्या आयुष्यातली वर्षं त्या पात्रांना दिलेली असतात, आणि तेवढ्यापुरतं देणं खरं असतं. ते फेडता येतं याचं आपल्याकडचं उदाहरण विज्ञानकथेतलं नाही, पण जवळचं आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ साली मोठ्या पडद्यावर आला तेव्हा तो शाळकरी पोरगा उरला नव्हता. काळ, शहर, संकट, सगळं आजचं होतं. पण त्याच चित्रपटात भागवतांच्या नावाचं एक पात्र होतं, दिलीप प्रभावळकरांनी केलेलं. ज्याच्याकडून घेतलं त्याला नव्या गोष्टीत जागा दिली. दुसरी तक्रार नव्या प्रेक्षकाची असते: मागचं सगळं ओझं घेऊन चालणारी मालिका त्याला कशी समजणार? ‘डॉक्टर हू’नं ही अडचण २००५ च्या पहिल्याच भागात सोडवली. गोष्ट सुरू होते ती दुकानात काम करणाऱ्या, डॉक्टरबद्दल काहीही माहीत नसलेल्या रोझ नावाच्या मुलीपासून. तिला जसजसं कळतं, तसतसं आपल्यालाही कळतं. देणं मान्य करायला आधी सगळी बखर वाचून दाखवावी लागत नाही.

तेव्हा पुढची मोठी मालिका जाहीर होईल तेव्हा निर्मात्यांच्या मुलाखतीत उत्तर शोधू नका. पहिले दोन-तीन भाग पाहा, आणि जुन्या गोष्टीत ज्याच्यावर अन्याय झाला होता त्याला नव्या गोष्टीत कुणी ओळखतं का, एवढं तपासा. आणि लेण्याद्रीला जाणार असाल तर गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन लगेच पायऱ्या उतरू नका. दालनाच्या कडेच्या खोल्यांत डोकावा, मग शेजारच्या सहाव्या लेण्यात जा. तिथे सुलसदत्ताचं नाव दगडावर कोरलेलं आहे.